उंच माणसाची किट कार: टेप कुठे लावायचा

‘माझी उंची सहा फूट चार इंच. मी या गाडीत मावेन का?’ किट कार, म्हणजे सुटे भाग घेऊन स्वतः जुळवायची गाडी, विकणाऱ्यांना हा प्रश्न नेहमीचाच, आणि ‘हो हो, आमचं एक गिऱ्हाईक तर साडेसहा फुटी आहे’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. प्रश्न चुकीचा आणि उत्तर निरुपयोगी. सहा फूट चार इंच म्हणजे १९३ सेंटिमीटर. एवढ्याच उंचीचे दोघं शेजारी शेजारी स्टुलावर बसवले, तर एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर वर निघू शकतं. एकाची उंची पायांत असते, दुसऱ्याची पाठीत. गाडीत माणूस बसतो, उभा राहत नाही, त्यामुळे उभ्या उंचीवरून फारसं काही कळत नाही.

लांब पायांवर इलाज सहज होतो. लांब पाठीवर थोडाफार होतो. रुंद पावलावर जवळजवळ होतच नाही. पेडल पुढे सरकवता येतात, पण काचेची वरची पट्टी, रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान), छत आणि फूटवेलची, म्हणजे पेडलपाशी पाय राहतात त्या खोक्याची, रुंदी चासीबरोबरच, म्हणजे गाडीच्या सांगाड्याबरोबरच, ठरून येतात. म्हणून चासी निवडायची ती पाठ आणि बूट बघून. बहुतेक जण नेमकं उलट करतात: पाय पुरतात ना, एवढं बघून पैसे भरतात आणि पहिल्या फेरीत डोळ्यांसमोर काचेची फ्रेम येते तेव्हा जागे होतात.

आधी स्वतःला मोजा

भिंतीला टेकवून एक टणक स्टूल ठेवा. कुशन नको. बूड आणि खांदे भिंतीला लागतील असे ताठ बसा, डोक्यावर गुण्या किंवा जाड पुस्तक आडवं धरा आणि भिंतीवर खूण करायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा. स्वतःची खूण स्वतः करायला गेलात की खांदा उचलला जातो आणि माप चुकतं. स्टुलापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे बैठी उंची. ती साधारणपणे उभ्या उंचीच्या ५२ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे १९३ सेंटिमीटरवाल्याची १,००० मिलिमीटरच्या आगेमागे. पण सरासरीच्या भरवशावर राहू नका, तो आकडा तुमचा नव्हे.

त्याच बैठकीत आणखी मापं घ्या. स्टुलापासून खांद्याच्या माथ्यापर्यंत, कारण पुढे हार्नेससाठी (खांद्यांवरून येणाऱ्या सुरक्षा पट्ट्यांसाठी) हेच लागतं. स्टुलापासून डोळ्यांपर्यंत; डोळे डोक्याच्या माथ्यापेक्षा साधारण ११० ते १२० मिमी खाली असतात. कमरेची आणि खांद्यांची रुंदी, जाकीट घालून. पाठीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत. जमिनीवर बसून, पाठ भिंतीला लावून, पाय सैलसर पसरून टाचेपर्यंत. आणि सगळ्यात दुर्लक्षित माप म्हणजे बुटाच्या तळव्याची सगळ्यात रुंद जागा आणि पूर्ण लांबी. पावलाचं नव्हे, बुटाचं. गाडी चालवताना जो बूट घालणार तोच. युरोपियन ४७ नंबरचा साधा स्पोर्ट्स शू ११० ते ११५ मिमी रुंद आणि ३२० मिमीच्या आसपास लांब भरतो.

हेल्मेट घालणार असाल तर बैठ्या उंचीत ४० ते ५० मिमी वाढवा.

आता पाठ मागे कलवली की उंची कमी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. किती कमी होते, हे कोणी मोजत नाही. बैठी उंची १,००० आणि खांद्यापर्यंतची उंची ६६० धरू. पाठ उभ्या रेषेपासून २५ अंश मागे नेली तर खांदा साधारण ६२ मिमी खाली येतो. मान आणि डोकं आपण रस्ता बघायला सरळच ठेवतो, त्यामुळे तेवढीच बचत: एकूण उंची ९४० च्या जवळ. ३५ अंशांवर १२० मिमी वाचतात. पण फुकट काहीच नाही. २५ अंशांवर तुमचे खांदे कमरेच्या २८० मिमी मागे जातात. म्हणजे कमावलेल्या प्रत्येक मिलिमीटर उंचीसाठी चार-साडेचार मिलिमीटर लांबी मोजावी लागते, आणि पाठीमागचं बल्कहेड, म्हणजे केबिनची मागची भिंत, जागचं हलत नाही. मग कंबर पुढे सरकते, गुडघे वर येतात आणि भांडण डोक्याकडून गुडघ्यांकडे जातं.

सेव्हन आणि तिचा गोतावळा

किट कार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सेव्हनच येते. ही छोटी, उघडी, दोन सीटची गाडी लोटस या ब्रिटिश कंपनीने १९५७ मध्ये आणली आणि १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. मूळ आराखडा त्या काळच्या बारीक अंगकाठीला आणि हलक्या वजनाला धरून केलेला आहे. केटरहॅमची नेहमीची एस-थ्री चासीची गाडी १,५७५ मिमी रुंद, आणि मोठ्या माणसांसाठी काढलेली एसव्ही १,६८५ मिमी. एकशे दहा मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. दोन सीटमध्ये वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच सेंटिमीटर येतात, आणि कमरेला सीट लागणं आणि सीटमध्ये कंबर रुतणं यांत तेवढंच अंतर असतं. एसव्हीची केबिन लांबीलाही जास्त आहे. वेस्टफील्डनेही रुंद चासीची आवृत्ती काढली होती, जुन्या बाजारात बघताना ‘वाइड’ हा शब्द शोधावा.

स्वतः चासी वेल्ड करणाऱ्यांसाठी लोकॉस्टचा, म्हणजे सेव्हनच्या धर्तीवर घरीच स्वस्तात बनवायच्या गाडीचा, रस्ता मोकळा आहे. मूळ लोकॉस्ट २५ मिमीच्या, १६ गेजच्या चौकोनी पाइपची आणि सेव्हनइतकीच अंगाबरोबर. तिचाच मोठा केलेला ‘प्लस ४४२’ नावाचा आराखडा फिरतो: ४ इंच रुंद, ४ इंच लांब, २ इंच उंच. उंच माणसाने लोकॉस्ट करायचीच असेल तर याखाली जाऊ नये. मात्र चासी वाढवली की नाकाचा फायबर (नोजकोन), बॉनेट, स्कटल म्हणजे बॉनेट आणि डॅशबोर्ड यांच्यामधला आडवा भाग, आणि पुढची काच, यांतलं तयार काहीच बसत नाही. नोजकोन फाडून मध्ये पट्टी भरणं जमतं, काच मात्र नवी कापून घ्यावी लागते. त्यामुळे आधी रुंद चासीला बसणारं बॉडीचं सामान कोण देतं ते शोधा, मग पाइप कापा. मागचा अॅक्सल रुंदीला पुरतो का हेही तेव्हाच बघायचं. नाहीतर चासी रुंद आणि चाकं मडगार्डच्या आत, असं विचित्र ध्यान तयार होतं.

आता फूटवेल. सेव्हनमध्ये माणूस अडतो तो इथे.

चासी नाकाकडे निमुळती होत जाते आणि मधला टनेल, म्हणजे गिअरबॉक्स झाकणारा दोन सीटमधला उंचवटा, बेलहाउसिंगकडे (क्लचच्या आवरणाकडे) रुंद होत जातो. म्हणजे दोन्ही भिंती पेडलच्या बाजूला जवळ येतात आणि खोक्याचं अरुंद टोक नेमकं पावलांपाशी. हिशेब मांडून बघा. तीन पेडल, प्रत्येकाचा पॅड ५० मिमी रुंद, दोन पॅडमध्ये ४५ मिमी मोकळं: झाले २४०. कडेला बुटासाठी थोडी मोकळीक धरली तर २८५. हे माप पेडलच्या पातळीवर, आतून आत घ्यायचं; सीटपाशी घेतलेल्या मापाचा उपयोग नाही. ११५ मिमीचा बूट ब्रेकच्या मधोमध ठेवला की पॅडच्या दोन्ही बाजूंना साडेबत्तीस मिमी बाहेर येतो. शेजारचा पॅड ४५ वर असेल तर १२-१३ मिमी उरतात, म्हणजे चालतं. अंतर ३० केलं की ब्रेक दाबताना बुटाची कड अॅक्सिलरेटरवरही बसणार. कारखान्यातून येणारे कित्येक पेडलबॉक्स नऊ नंबरच्या पावलाला बरे असतात. बारा नंबरवाल्याचा त्यावर पहिल्याच वळणावर घाम निघतो.

स्टीअरिंग उजवीकडे असेल तर क्लचच्या डावीकडे टनेल येतो आणि डाव्या पायाला टेकायला जागा उरत नाही. स्टीअरिंग डावीकडे असेल तर अॅक्सिलरेटर टनेलला चिकटतो. दोन्हीचा त्रास वेगळा. पहिल्यात लांबच्या प्रवासात पाय आखडतो, दुसऱ्यात उजवा बूट टनेलच्या पत्र्याला घासून अडकतो, आणि हे जास्त वाईट. क्लचच्या खाली, पेडलच्या मागे डावं पाऊल सरकवायला ८०-९० मिमी पोकळी मिळाली तर ती सोडू नका. डेड पेडल (डावा पाय टेकायची पट्टी) नसलेल्या गाडीत तीच विश्रांतीची जागा.

उंचीचंही असंच. ३२० मिमीचा बूट टाच जमिनीवर ठेवून ६५ अंशांत उभा केला की त्याचं टोक २९० मिमीवर जातं. या उंचीखाली आडवा पाइप असेल, वरून लटकणाऱ्या पेडलबॉक्सची कड असेल किंवा स्टीअरिंग शाफ्टचा सांधा असेल, तर पेडल दाबायच्या आधी चवडा तिथे आपटतो. म्हणून मोठ्या पावलाला जमिनीवर बसवलेली पेडल सहसा बरी पडतात: वर काही लटकत नाही आणि पॅडची उंची बदलता येते. लटकणाऱ्या पेडलचा पॅड खाली आणायचा म्हणजे दांडी लांब करायची. तसं केलं की ब्रेकचं पेडल प्रमाण (दांडीच्या तरफेचं गुणोत्तर) बदलतं, पाय जास्त लांब जातो आणि मास्टर सिलिंडर मूळ हिशेबाप्रमाणे वागत नाही. ब्रेकच्या दांडीला वेल्डिंग करून तुकडा जोडण्याचा तर विचारही नको.

इंजिन निवडतानाच टनेलची रुंदी ठरून जाते. फोर्डचा टाइप नाइन गिअरबॉक्स सडपातळ, एमटी-७५ चांगला दणकट पण अंगाने मोठा. मोटारसायकलचं इंजिन घेतलं तर गिअरबॉक्स इंजिनच्या पोटातच असतो, बेलहाउसिंग नाही, आणि टनेलमधून फक्त प्रॉपशाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, जातो. पावलाला चांगली चार बोटं जास्त मिळतात. त्या इंजिनांचा आवाज, क्लच आणि रिव्हर्स गिअरची गैरसोय हा वेगळा विषय, पण बुटाच्या नंबरापायी इंजिन बदलणं वेडेपणाचं नाही.

बाकीच्या जाती

माझदाच्या एमएक्स-५ वरून होणाऱ्या गाड्या, उदाहरणार्थ एक्सोसेट, लांब पाठीला बऱ्या. मूळ एमएक्स-५ मध्ये उंच माणसाचं डोकं काचेच्या पट्टीशी आणि छताशी भांडतं. किटमध्ये ती काच आणि ते छत दोन्ही जातं आणि सीट थेट नव्या फ्लोअरवर बसते. पण इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी पॉवर प्लांट फ्रेम न कापता वापरायची असते, म्हणून पहिल्या पिढीचा २,२६५ मिमीचा व्हीलबेस तसाच राहतो. इथे लांबी वाढवून मिळणार नाही. पेडल आणि बल्कहेड यांच्यामध्ये जे आहे त्यातच पाय बसवायचे.

कोब्रा या जुन्या व्ही-८ स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृती बाहेरून ऐसपैस दिसतात आणि आत तितक्या नसतात. व्ही-८, त्याचं बेलहाउसिंग आणि एक्झॉस्ट फूटवेल खाऊन टाकतात. ही प्रतिकृती बनवणाऱ्या प्रत्येकाची चासी वेगळी असते, त्यामुळे ‘कोब्रात उंच माणूस बसतो’ या वाक्याला अर्थ नाही. कोणाच्या कोब्रात, ते विचारा. १९९५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या फॅक्टरी फाइव्हने आपली गाडी मस्टँगच्या भागांवर उभी केली आणि एमके-फोर या आवृत्तीपर्यंत येताना केबिनकडे बरंच लक्ष दिलं. काही उत्पादक मूळ १९६० च्या दशकातल्या मापांना चिकटून राहतात. दिसायला त्या जास्त अस्सल, बसायला तितक्याच छळवादी.

फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरपॅनवरची बीच बगी उंच माणसाच्या बाबतीत विनाकारण मागे पडते. बसणं सरळ, डोक्यावर काही नाही, कमरेला जागा भरपूर. मेयर्स मँक्स या मूळ बगीच्या पद्धतीत पॅन सव्वाचौदा इंच, म्हणजे ३६० मिमीच्या वर, आखूड करतात. पूर्ण लांबीच्या पॅनवर बसणारी बॉडी निवडली तर कापाकापी वाचते आणि सीट मागे न्यायला जागाही मिळते. अडचण एकच: बीटलची पेडल मधल्या टनेलला जखडलेली असतात आणि सहजासहजी पुढे जात नाहीत, त्यामुळे लांबी सीट मागे नेऊनच काढायची.

छतवाल्या कमी उंचीच्या गाड्यांविषयी स्पष्टच सांगतो. फोर्डच्या जीटी४० या जुन्या रेसकारच्या नावातला ४० ही गाडीची इंचांतली उंची आहे, म्हणजे १,०१६ मिमी. त्यातून जमिनीपासूनचे १२० मिमी, फ्लोअर आणि पातळ फोमचे ३० आणि छताच्या जाडीचे २५ वजा करा. उरले ८४०. वरच्या हिशेबातल्या माणसाला २५ अंशांवर ९४० लागतात. ४५ अंश झोपवला तरी ८०५-८१० आणि हेल्मेट घातलं की पुन्हा छत. १९६७ ची ल माँ शर्यत जिंकणाऱ्या फोर्ड मार्क फोरमध्ये डॅन गर्नी या उंच चालकाच्या हेल्मेटसाठी छताला फुगवटाच काढावा लागला. प्रतिकृतींमध्ये हा ‘गर्नी बबल’ मिळतो, आणि मिळत असेल तर लाजू नये, घ्यावा. तरीही बैठी उंची १,००० च्या पुढे असेल तर छतवाली गाडी प्रत्यक्ष बसल्याशिवाय नक्की करायची नाही.

खाली उतरण्याचे मार्ग

सगळ्यात स्वस्त उंची सीटमध्ये दडलेली असते. रुळांवरची गादीवाली सीट फ्लोअरपासून सहज १०० मिमी वर बसवते. रूळ काढून फायबरचं कवच थेट फ्लोअरवर आणलं की निम्म्याहून अधिक अंतर परत मिळतं. गाडी एकटाच चालवणार असाल तर रुळांची गरजही नसते.

त्याहून खाली जायचं तर सीट टाकून द्यायची आणि दोन भागांच्या पॉलियुरेथेन फोमची बैठक ओतायची. केबिन जाड प्लास्टिकने पूर्ण झाका, कोपरेसुद्धा, कारण हा फोम पत्र्याला लागला की निघत नाही. मजबूत पिशवीत थोडं मिश्रण ओतून तोंड बांधा, पिशवीवर बसा आणि तुमची खरी चालवायची बैठक धरून राहा: हात स्टीअरिंगवर, पाय पेडलवर. एकदम सगळं ओतू नका. फोम फुगताना तापतो, जास्त झाला तर तुम्हालाच वर उचलतो, आणि उंच माणसाला नेमकं तेच नको असतं. आधी बूड आणि कंबर, मग पाठ, शेवटी कडा, अशा तीन खेपा. बुडाखाली १० ते १५ मिमीपेक्षा जास्त थर राहू देऊ नका. घट्ट झाल्यावर सुरीने आणि सँडपेपरने कडा मारून वर आग न पकडणारं कापड.

एवढ्यानेही पुरलं नाही तर ड्रॉप फ्लोअर. केटरहॅम तो पर्याय म्हणून देते, लोकॉस्टवाले स्वतः करतात. सीटखालचा पत्रा काढून तिथे ४० ते ५० मिमी खोल तबक बसवायचं. तबकाच्या कडा चासीच्या पाइपांवर वरून टेकल्या पाहिजेत. पाइपांखालून रिव्हेट मारून टांगलेलं तबक म्हणजे तुमचं शंभर किलो वजन पन्नास रिव्हेटांच्या डोक्यांवर. पत्रा २ मिमी स्टीलचा, पुढची कड उभी न ठेवता तिरकी घडी घातलेली, म्हणजे उंचवट्याला लागली तर घसरून वर चढेल, अडकणार नाही. सीटचे आणि हार्नेसचे बोल्ट तबकात नाहीत, चासीच्या आडव्या पाइपांत. उघड्या गाडीत पहिल्या पावसात हे तबक टब होतं, म्हणून १० मिमीची दोन भोकं आणि रबरी बुचं. तबकाचा तळ इंजिनच्या संपच्या (तेलाच्या तळटाकीच्या) खाली जाता कामा नये. फ्लोअरखालून एक्झॉस्ट जात असेल तर हा मार्ग बंद.

यात एक फसगत नेहमी होते. तबक फक्त बुडाखाली काढलं आणि टाच जुन्याच पातळीवर राहिली, तर कंबर टाचेच्या मानाने खाली जाते आणि गुडघे वर येतात. डोक्याला जागा मिळाली, पण गुडघे स्टीअरिंगच्या रिंगला. तबक शक्य तितकं पुढे, टाचेपर्यंत न्यावं. ते जमत नसेल तर मांड्यांखाली ६०-८० मिमीची फोमची पाचर द्या, नाहीतर सगळं वजन बसण्याच्या दोन हाडांवर येऊन अर्ध्या तासात बूड बधिर.

स्टीअरिंग, काच, रोल बार

स्टीअरिंगची रिंग ३५० वरून २८० मिमी केली की खालची कड ३५ मिमी वर जाते. हाताला जोर मात्र २५ टक्के जास्त लागतो, आणि पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना तो जाणवतो. शिवाय मीटर रिंगच्या मागे लपतात. खाली सपाट असलेली डी आकाराची रिंग सरळ जाताना छान. अर्धी फिरवली की तिची गोल बाजू मांडीवर. कॉलमचा ब्रॅकेट २०-३० मिमी वर उचलणं जास्त कामाचं, पण युनिव्हर्सल जॉइंटचा कोन ३५ अंशांच्या आत ठेवा आणि दोन जॉइंट असतील तर त्यांचे योक (सांध्याचे दुबेळके) एका फेजमध्ये, म्हणजे एकाच रेषेत, नाहीतर रिंग फिरताना जड-हलकी होत राहते. क्विक रिलीज बॉस, म्हणजे रिंग झटकन काढू देणारा जोड, आत शिरायला वरदान आहे. तो रिंग ५०-७० मिमी अंगावर आणतो, हे विसरलं की लांब हातांचा माणूस कोपरं बरगड्यांना लावून गाडी चालवतो. कॉलमची लांबी बॉस धरूनच ठरवा.

काचेच्या बाबतीत मधली जागा वाईट. डोळे वरच्या पट्टीच्या ५०-६० मिमी खाली असतील तर उत्तम. पट्टीच्या चांगले वर असतील तर हेल्मेट किंवा गॉगल लावून चालवता येतं. डोळे आणि पट्टी एका रेषेत असतील तर दर वेळी मान झुकवायची की ताणायची, हाच प्रश्न. छोटी एरोस्क्रीन (वाऱ्यापुरती बुटकी काच) लावली तर वारा तिच्यावरून वर उडतो; बुटक्या माणसाचं कपाळ वाचतं, उंच माणसाच्या हनुवटीवर किंवा गळ्यावर झोत येतो आणि हेल्मेट खडखडत राहतं. कापडी छत बसवून, बंद करून, आत बसून बघा. उघड्या गाडीत आरामात बसलेला माणूस छत लावल्यावर मान वाकडी करून बसलेला दिसतो.

रोल बारसाठी काठीची जुनी चाचणी पुरेशी आहे. मागच्या रोल बारच्या माथ्यापासून पुढच्या मजबूत भागाच्या, म्हणजे पुढचा हूप (पाइपची कमान) असेल तर त्याच्या, नसेल तर स्कटलच्या माथ्यापर्यंत सरळ काठी धरा. हेल्मेटचा माथा काठीच्या किमान ५० मिमी खाली हवा. नसेल तर उंच बार विकत घ्या, त्याच्या मागच्या आधारांसकट. जुन्या बारच्या पायाखाली ठोकळा घालून तो उंच करणं म्हणजे फक्त उंच दिसणारा बार.

हार्नेसचे खांद्यावरचे पट्टे मागे जाताना आडवे किंवा जास्तीत जास्त २० अंश खाली जावेत. उंच माणसाचा खांदा हार्नेस बारच्या वर जातो. बार खांद्यामागे १८० मिमीवर आणि ५० मिमी खाली असेल तर कोन साडेपंधरा अंश, ठीक. १०० मिमी खाली असेल तर २९ अंश, आणि धडकेत पट्टा खांद्याला मागे धरण्याऐवजी मणक्यांवर खाली दाबतो. बकेट सीटची पट्ट्यासाठीची भोकं खांद्याच्या खाली असतील तर तोच दोष सीटमुळे येतो. तशी सीट तुमच्या मापाची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या देशात गाडीची नोंदणी होणार तिथली तपासणी यातल्या कशाकशावर बोट ठेवते ते कापण्याआधी वाचा. ब्रिटनमध्ये २००९ पासून आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणारी, तपासणी आहे आणि तिथे कॉलम दबणारा आहे का, कडा गोल आहेत का, असे बारकावे बघतात. गुडघ्यांसाठी डॅशबोर्डला दिलेली खाच तिथेच अडकू शकते.

पैसे भरण्याआधी प्लायवूड

कारखान्याची डेमो गाडी बसून बघायला चांगली, पण तिच्यात काय काय आहे ते विचारा. रूळ आहेत की नाहीत? ड्रॉप फ्लोअर आहे का? पेडल कितव्या भोकात आहेत? सीट नेहमीची की पातळ? डेमोत बसलेलं सुख किटच्या मूळ किमतीत असेलच असं नाही. स्वतःचे बूट घाला, हेल्मेट न्या, हार्नेस घट्ट आवळा आणि क्लच पूर्ण दाबा. सैल पट्ट्यात सगळेच मावतात.

डेमो गाडी लांब असेल तर मापं मागवा: पेडलच्या पॅडपासून बल्कहेडपर्यंत, पेडलपाशी फूटवेलची रुंदी, फ्लोअरपासून रिंगच्या खालच्या कडेपर्यंत, फ्लोअरपासून काचेच्या वरच्या पट्टीपर्यंत, फ्लोअरपासून रोल बारपर्यंत, आणि सीटच्या जागेची रुंदी. ही मापं जो विक्रेता देऊ शकत नाही, त्याने उंच माणसासाठी गाडी जुळवलेलीच नाही असं समजायला हरकत नाही.

मग या मापांचा सांगाडा घरी उभा करा. १८ मिमी प्लायवूडचा फ्लोअर, मागे बल्कहेडच्या कोनात एक फळी, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या भिंती, पुढे फूटवेलचं निमुळतं खोकं, तीन पेडलच्या जागी बिजागरीवरचे लाकडी ठोकळे, रिंगच्या जागी ३५० मिमीची तबकडी. काचेची पट्टी म्हणून दोरी ताणा. बाजूने, कमरेच्या उंचीवरून फोटो काढा आणि फोटोवर पाठीचा कोन मोजा. बसलेल्या माणसाला स्वतःचा कोन कधीच खरा वाटत नाही. मग तिथे चाळीस मिनिटं बसा, मोबाइल बघत नव्हे, हात रिंगवर ठेवून. ब्रेक दाबा, तो सोडून अॅक्सिलरेटर, क्लच, पुन्हा ब्रेक. पहिली दहा मिनिटं सगळंच जमतं. पंचविसाव्या मिनिटाला जिथे दुखतं ती जागा लिहून ठेवा: नडगी दुखली तर पेडलचा कोन, मांडीची खालची बाजू बधिर झाली तर पाचर, मान दुखली तर पाठ फार कलली आहे.

गाडी उभी राहिली की अखेरची जुळवणी तुमचं वजन आत घालून करायची. सेव्हनसारखी गाडी साडेपाचशे-सहाशे किलोची असते आणि चालक शंभरचा, म्हणजे तो गाडीच्या सहाव्या भागाइतका. रिकाम्या गाडीवर राइड हाइट (जमिनीपासूनची उंची) लावली तर बसल्याबरोबर एक कोपरा खाली जातो आणि ड्रॉप फ्लोअरचं तबक त्याच बाजूला असतं. सीटवर तुमच्या वजनाची वाळूची पोती ठेवा, पाय येतात तिथे फ्लोअरवर एखादं लहान पोतं, स्प्रिंगखालच्या चकत्या फिरवून चारही कोपरे जुळवा आणि मग तबकाखाली टेप लावून बघा.